वाचकांचे प्रश्न : झूमला टेलिकन्व्हर्टर लावू का?

मागच्या अंकात मायणी आणि येरळवाडीच्या तलावावर हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांबद्दल लिहिलं होतं, त्यानंतर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले बरेचसे एकाच गोष्टीवर आहेत, लेन्स कमी पडते तर टेलिकन्व्हर्टर घ्यावा का. म्हणून यावेळचं सदर सगळं त्यावरच. नावं न घालता फक्त गावं दिलीयेत, तसं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं.

विटा : ताई नमस्कार, माझ्याकडे निकॉन डी ७५०० आणि २००-५०० मिलिमीटरची लेन्स आहे. मायणीला रोहित पक्षी लांब पाण्यात उभे असतात, ५०० ला पण एवढेसे दिसतात. १.४ चा कन्व्हर्टर घेऊ की सरळ २ चा? मित्र म्हणतो २ चा घे, डायरेक्ट १००० होतंय.

२ चा घेऊ नका. मित्राचा गुणाकार बरोबर आहे पण त्याने अर्धंच गणित केलंय.

कन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मधे बसणारी काचांची छोटी नळी. लेन्सने जी इमेज तयार केली तिचा मधला भाग ही नळी पसरवून सेन्सरवर टाकते. उजेड तेवढाच आणि जागा जास्त, म्हणून १.४ ला एक स्टॉप जातो, म्हणजे उजेड निम्मा होतो, आणि २ ला दोन, म्हणजे पावच उरतो. तुमची लेन्स एफ ५.६ ची आहे (एफचा आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड कमी), १.४ लावल्यावर ती ७०० एफ ८ होते आणि २ लावल्यावर १००० एफ ११. सकाळी तुम्ही जिथे शटर १/१६०० सेकंद आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ८०० वर ठेवून काढत होता तिथे १.४ ला १६०० लागेल आणि २ ला ३२००. हे एकवेळ चालवून घेता येईल, खरी अडचण फोकसची आहे. डी ७५०० मधे ५१ फोकस पॉइंट आहेत पण एफ ८ ला त्यातला फक्त मधला एकच काम करतो, आणि एफ ११ ला व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकसचा भरवसाच नाही. लाइव्ह व्ह्यूमधे, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, हळूहळू पकडेल कधीतरी, पण तोपर्यंत पक्षी मान वळवून पलीकडे गेलेला असतो. म्हणजे २ चा विषय इथेच संपला.

आता १.४ चं बघू. रोहित साधारण सव्वा मीटर उंच धरा आणि तो तुमच्यापासून २०० मीटरवर आहे असं धरा. ५०० ला त्याची इमेज सेन्सरवर जेमतेम ३ मिलिमीटर उंच पडते आणि तुमच्या सेन्सरची उंची आहे १५.७, म्हणजे फ्रेमचा पाचवा हिस्सा. १.४ लावून ७०० केलं की साडेचारच्या आसपास, म्हणजे पाव फ्रेमच्या थोडं वर. आणि कन्व्हर्टर न लावता तुम्ही १०० मीटरवर असाल तर ६ च्या वर, पाच भागातले दोन भाग. कन्व्हर्टरला जे जमत नाही ते अंतर निम्मं केल्यावर होतं, ते पण उजेड न घालवता आणि सगळे ५१ पॉइंट हातात ठेवून.

दुसरं म्हणजे हवा. २०० मीटर अंतरात जी हवा आहे ती ऊन चढलं की थरथरायला लागते, गरम थर आणि गार थर एकमेकांत मिसळतात आणि त्यातून येणारा प्रकाश सारखा इकडेतिकडे वाकतो. माणदेशातली उघडी जमीन तर नऊ-साडेनऊलाच तापायला लागते. थंडीत पहाटे पण होतं हे, पाणी हवेपेक्षा गरम असतं ना. त्या थरथरीतून काढलेला फोटो कुठल्याही लेन्सने धारदार येत नाही आणि कन्व्हर्टर ती थरथर सुद्धा १.४ पट मोठी करून देतो. बरेच लोक म्हणतात कन्व्हर्टरमुळे फोटो मऊ आला, पण विनाकन्व्हर्टर पण तो मऊच होता, फक्त छोटा होता म्हणून कळलं नव्हतं.

मी सांगेन ते असं की उजाडायच्या आत काठाला जाऊन बसा, सूर्य पाठीमागे राहील अशी जागा बघून, अंगावर मातकट कपडे, आणि उठबस न करता. रोहित उथळ पाण्यात चरत चरत सरकत असतात, तुम्ही हलला नाहीत तर ते स्वतःहून बऱ्यापैकी अलीकडे येतात. पण तुम्ही त्यांच्याकडे चालत गेलात तर ते सरकत सरकत लांब जातील आणि शेवटी थवाच उडेल. थवा उडवून फोटो काढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, एवढ्या लांबून आलेला पक्षी खायला बसलाय, त्याला निवांत खाऊ द्या. एवढं करून बघा आणि तरी वाटलं तर १.४ घ्या, शेकाट्या, खंड्या, वेडा राघू असल्या जवळच्या आणि बसलेल्या पक्ष्यांना तुमच्या लेन्सवर तो चांगला चालतो.

कराड : कॅनन ८० डी आणि सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी. कोयनेच्या बाजूला शेकरू आणि धनेश काढायचे असतात. सिग्माचाच १.४ मिळतोय सेकंडहँड, कंपनी एकच आहे मग काही प्रॉब्लेम नाही ना?

बसेल नीट, पण तुमच्या कामाला नको.

तुमची लेन्स ६०० ला ६.३ ची आहे. १.४ लावला की ९ होते. ८० डी च्या ऑटोफोकसची मजल एफ ८ पर्यंत, आणि तिथे जे २७ पॉइंट चालतात म्हणतात ते कॅननच्या ठराविक लेन्स आणि ठराविक एक्स्टेंडरच्या (कॅनन कन्व्हर्टरला एक्स्टेंडर म्हणतं) जोडीलाच. सिग्माचा कन्व्हर्टर लावून मधल्या पॉइंटवर फोकस होतो, पण भरपूर उजेड आणि ठळक कडा असल्या तरच, आणि तुम्ही जाताय कोयनेच्या दाट जंगलात. तिथे शेकरू फांद्यांच्या आत, पोटाखाली सावली आणि वरून पानातून येणारा उजेड, लेन्स नुसती पुढेमागे होत राहते. ६.३ ला १/५०० साठी ३२०० आयएसओ लागत असेल तर कन्व्हर्टरने ६४०० लागेल, आणि ८० डी ला ६४०० वर शेकरूच्या अंगावरचे केस राहत नाहीत, नुसता तपकिरी डाग दिसतो.

त्यापेक्षा क्रॉप करा, म्हणजे फोटोच्या कडा कापून मधला भाग ठेवा. क्रॉप म्हटलं की लोकांना कमीपणा वाटतो, का ते मला समजत नाही. तुमची फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची आहे. १.४ कन्व्हर्टरइतका क्रॉप केला तर साधारण ४२८० बाय २८५० उरतात, आणि ३०० डीपीआयला (छापताना इंचाला ३०० ठिपके) हे चौदा बाय साडेनऊ इंच होतं, म्हणजे ए४ पेक्षा मोठा प्रिंट आरामात निघतो. मोबाईलवर बघायला तर याच्या निम्मं पण पुष्कळ झालं.

मग कन्व्हर्टरचा फायदा कधी आणि क्रॉपचा कधी, हे पुस्तकात वाचून ठरवू नका, घरी टेस्ट करा. वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीला चिकटवायचं, दहा-बारा मीटरवर ट्रायपॉड लावायचा, एक फोटो नुसत्या लेन्सने आणि एक कन्व्हर्टर लावून काढायचा, दोन्हीवेळी टायमर. मग नुसत्या लेन्सचा फोटो कॉम्प्युटरवर १.४ पट मोठा करून शेजारी ठेवायचा आणि अक्षरं वाचायची. कन्व्हर्टरवाल्यात अक्षरं खरंच जास्त स्पष्ट वाचता आली तर तुमच्या लेन्समधे अजून दम आहे, आणि दोन्ही सारखीच दिसली तर लेन्सने जेवढं द्यायचं तेवढं आधीच दिलंय, पुढे पैसे घालून काही मिळणार नाही. सेकंडहँड देणाऱ्याला सांगा की दोन दिवस टेस्टला दे. चांगला माणूस असेल तर देतो.

तासगाव : ऑनलाइन दोन-अडीच हजारात २.२ एक्स टेलिकन्व्हर्टर दिसतोय, लेन्सच्या पुढे फिल्टरसारखा स्क्रू होतो. कसा आहे?

नका घेऊ. आपण ज्याच्याबद्दल बोलतोय तो हा नव्हेच, हा लेन्सच्या तोंडावर बसतो, कडेला रंगाची झालर येते, सगळं धुरकट होतं आणि जड लेन्सच्या पुढच्या थ्रेडवर वजन पडतं ते वेगळंच. त्या पैशात चांगली मोनोपॉड येते.

सातारा : सोनी ए ७ फोर, २००-६०० आणि सोनीचाच १.४. उडणाऱ्या घारी, गरुड काढायला घेतला होता पण बरेचसे फोटो आउट येतात. विकून टाकू का?

विकू नका. तुम्ही साताऱ्यात राहता आणि हाताशी २००-६०० आणि १.४ आहे, तुमच्याइतका याचा उपयोग कुणाला होणार.

आधी घारींचं सांगते. ८४० ला (६०० गुणिले १.४) उडता पक्षी फ्रेममधे ठेवणं हेच मुळात अवघड, त्यात एफ ९ ला फोकसला मिळणारा उजेड निम्माच. पक्षी अंगावर येताना अंतर भराभर बदलतं आणि कॅमेरा कायम थोडा मागे राहतो. उडणाऱ्याला कन्व्हर्टर काढून ठेवायचा, हा माझा तरी नियम आहे.

आता तो कशाला लावायचा ते. कन्व्हर्टर लावला तरी लेन्सचं जवळात जवळ फोकस व्हायचं अंतर बदलत नाही. याकडे लोकांचं लक्षच जात नाही आणि माझ्या मते कन्व्हर्टरचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे. २००-६०० ला कमीत कमी २.४ मीटर लागतात, ८४० झाल्यावर पण २.४ मीटरच. म्हणजे लेन्सचं मॅग्निफिकेशन ०.२ चं ०.२८ झालं, नुसत्या लेन्सने जिथे १८ सेंटिमीटर रुंदीची जागा फ्रेमभर येत होती तिथे आता १३ सेंटिमीटरची येते. लांबचं जवळ आणायला कन्व्हर्टर घेतात आणि निराश होतात, जवळचं बारीक जे आहे ते मोठं करायला तो घ्यावा.

तुमच्या घरापासून चाळकेवाडीचं पठार किती लांब आहे? ठोसेघरच्या वर, पवनचक्क्यांच्या खाली. उन्हाळ्यात पावसाच्या आधी तिथे जा. तिथल्या दगडांवर सरडे बसलेले दिसतील, नर गळ्याखालचा पंखा उघडून मिटून दाखवत असतात, निळा, काळा आणि नारिंगी, इतका झळझळीत रंग की पहिल्यांदा बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही. २०१६ मधे शास्त्रज्ञांनी ही वेगळी जात म्हणून नोंदवली, सरडा सुपर्बा, आणि ती नोंदवली गेली ती याच चाळकेवाडीवरून. शेपूट सोडली तर अंगाने बोटाएवढा प्राणी. ह्याला ८४० आणि २.४ मीटरचं फोकस म्हणजे जे पाहिजे तेच.

उजेडाची चिंता नाही कारण तो भर उन्हातच बाहेर असतो. स्वच्छ उन्हात आयएसओ ४०० ला एफ ९ वर १/१२५० सहज मिळतो, म्हणजे कन्व्हर्टरने खाल्लेला एक स्टॉप तिथे कळत पण नाही. तुम्ही पोटावर झोपून जवळून काढताय म्हणून मधली हवा पण थोडी, थरथर जाणवत नाही, तरी दगड फार तापायच्या आत सकाळी आठ ते दहा उत्तम. एक लक्षात ठेवा, एवढ्या जवळ एफ ९ ला फोकसची खोली जेमतेम सेंटिमीटरभर असते. पंखा आणि डोळा दोन्ही पाहिजे तर प्राणी कॅमेऱ्याला आडवा पाहिजे, सेन्सरला समांतर, आणि एफ ११ किंवा १३ करायला लाजायचं नाही.

आणि त्याच पठारावर झालेला एक अभ्यास २०१८ मधे प्रसिद्ध झाला, फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत पाहिजे असं मला वाटतं. पवनचक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी कमी झालेत, म्हणून सरडे वाढलेत, आणि तिथले सरडे माणसाला जास्त जवळ येऊ देतात, दुसऱ्या भागातले लांबूनच पळतात. म्हणजे चक्क्यांच्या जवळचा सरडा पटकन पळत नाही याचा अर्थ त्याला तुम्ही आवडलात असा नाही, त्याची भीतीच कमी झालेली आहे. त्याचा फायदा घेऊन अगदी नाकाशी जाऊ नका, अडीच-तीन मीटरवर थांबा, कन्व्हर्टर आहे कशाला मग. दगड उलटे करू नका, काडीने डिवचू नका, पंखा उघडायला लावायचा म्हणून काही करू नका. तो त्याच्या हद्दीसाठी आणि मादीसाठी उघडतोय, तुम्ही त्यात आलात तर त्याचा तेवढा वेळ गेला.

कासला पण हेच. फुलांवरच्या फुलपाखरासाठी वाट सोडून आत जायची गरज नाही, ८४० ला वाटेवर उभं राहून येतं. फुलं तुडवून आत बसलेले लोक दरवर्षी दिसतात आणि त्यांच्या हातात बघावं तर दीड-दोन लाखाची लेन्स असते.

मिरज : कॅनन आर ६ मार्क टू, आरएफ १००-५०० आणि आरएफचा १.४ एक्स्टेंडर नवीन घेतला. लावल्यावर झूम ३०० च्या खाली येतच नाही, अडकतो. पीस खराब आहे का? कृष्णेतल्या मगरी काढायच्या आहेत.

पीस चांगला आहे, ते डिझाइनच तसं आहे. एक्स्टेंडरची पुढची काच बाहेर आलेली असते आणि ती लेन्सच्या पोटात शिरते. लेन्स ३०० च्या खाली आणली की आतली काच मागे येते आणि दोन्ही एकमेकींवर आपटतील, म्हणून कॅननने तिथे अटकाव ठेवलाय. जोर लावू नका. लावताना पण झूम ३०० च्या पुढे ठेवूनच लावायचा. म्हणजे तुमची लेन्स झाली ४२० ते ७००, एफ ८ ते १०, आणि बॅगेत ठेवताना ती पूर्ण मिटणार नाही एवढी जागा सोडा. फोकसची काळजी नको, तुमची बॉडी एफ १० ला निवांत चालते.

पण मगरींना तो लागणारच नाही बघा. थंडीत भिलवडी, औदुंबर त्या बाजूला ऊन खायला मळीवर येऊन पडतात तेव्हा हिशेब करा, तीन मीटरची मगर चाळीस मीटरवर असेल तर ४२० ला पण जवळजवळ फ्रेम भरून जाते. तुमच्या एक्स्टेंडरची सुरुवातच ४२० पासून, मग शेजारचा बगळा, नदीचा काठ, मागचा ऊस, काही मावणार नाही, आणि नदीकाठाशिवाय मगरीचा फोटो कुठल्यापण मगरीचा वाटतो, कृष्णेतल्या मगरीचा वाटत नाही. नुसती १००-५०० न्या. पलीकडच्या उंच काठावरूनच काढा, पाण्याच्या कडेला खाली उतरू नका. वर आलेली दिसली म्हणजे तेवढीच आहे असं नसतं. आणि कुणाला होडी घेऊन जवळ जा म्हणून सांगू नका, नदीवर रोज धुणं धुणारी, जनावरं पाण्यावर आणणारी माणसं तिथंच असतात, मगर बिथरली तर त्रास त्यांना.

फलटण : सोनीला टॅमरॉन १५०-५०० वापरतो. सोनीचा कन्व्हर्टर चालेल का?

नाही. सोनीच्या माउंटमधल्या टॅमरॉन-सिग्माच्या लेन्सना कन्व्हर्टर चालत नाही, कुठलाच. फुलफ्रेम बॉडी असेल तर एपीएससी मोड (सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणारा) लावून बघा, तो क्रॉपच आहे पण फ्रेममधे पक्षी मोठा दिसतो आणि फोकस पॉइंट नेमका ठेवायला सोपं जातं.

पलूस : ताई आमचा लग्नाच्या फोटोग्राफीचा व्यवसाय आहे, ७०-२०० एफ २.८ आहे. सीझन नसताना सागरेश्वरला हरणं काढायला जायची आवड लागलीये. वेगळी लेन्स घ्यायला आत्ता जमणार नाही. कन्व्हर्टर चालेल?

चालेल, आणि आजच्या सगळ्या प्रश्नांमधे हो म्हणायला मला सगळ्यात सोपं वाटतंय ते तुम्हाला.

कन्व्हर्टर उजेड खातो, म्हणून ज्याच्याकडे उजेड जास्त त्याला तो परवडतो. तुमची लेन्स २.८ ची. १.४ लावला तर ९८ ते २८० एफ ४, आणि २ चा लावला तर १४० ते ४०० एफ ५.६. म्हणजे २ चा लावून पण तुम्ही तिथेच आहात जिथे विट्याचे वाचक नुसत्या लेन्सने सुरुवात करतात, कुठलीही बॉडी ५.६ ला फोकस करते. मी तुम्हाला २ चाच सुचवेन, २८० हरणांना अपुरं पडतं. ४०० ला लेन्स पूर्ण उघडी, म्हणजे ५.६ वर, ठेवली तर थोडा मऊपणा येईल, ७.१ किंवा ८ केलं की बराच सुधारतो, म्हणून सकाळच्या कोवळ्या पण स्वच्छ उन्हात काढा. संध्याकाळी अंधारायला लागलं की कन्व्हर्टर काढून टाका आणि २०० ला २.८ वर कळप, डोंगर, धूळ, आभाळ असं मोठं चित्र काढा. लग्नात तुम्ही गर्दीतून माणूस वेगळा काढायची नजर कमावलेली आहे, ती तिथे कामाला येते.

एक बघून घ्या, लेन्स कुठल्या कंपनीची आणि कुठल्या पिढीची आहे त्यावर कुठला कन्व्हर्टर बसतो हे ठरतं. कंपनीच्या यादीत दोन्ही नावं आहेत का ते तपासा. बसत नसेल तर फिरवून बसवायला जाऊ नका, मागची काच जाईल. मॅन्फ्रोटो-बिन्फ्रोटो असलं ट्रायपॉडचं महागडं डोकं लगेच लागत नाही, ७०-२०० हातात धरता येते.

सागरेश्वरचं अजून थोडं सांगते. धों. म. मोहिते यांनी चिकाटीने लोकांना बरोबर घेऊन हे जंगल उभं केलं, उघड्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून वाढवलेलं अभयारण्य आहे हे, साडेदहा-अकरा चौरस किलोमीटरचं. चितळ, सांबर, काळवीट आहेत. जंगल लहान आहे म्हणून हरणाला पळायला जागा पण मर्यादित आहे, त्याच्या मागे मागे फिरू नका. पाणवठ्याच्या वाटेवर लांब बसून रहा, ४०० ला पुरतं.

वाई : १.४ लावल्यापासून हातात धरून काढलेले फोटो हललेले येतात. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद होतं का?

बंद होत नाही, चालूच राहतं. पण हाताचा कंप पण १.४ पट मोठा दिसतो आणि स्टॅबिलायझेशन प्राण्याची हालचाल थांबवू शकत नाही. शटर १/१००० च्या खाली आणू नका, बसलेल्या पक्ष्याला अगदीच अंधार असेल तर १/५०० पर्यंत. गाडीतून काढत असाल तर बीनबॅग करा, जाड कापडाची पिशवी शिवून घ्या आणि त्यात ज्वारी भरा, विकतच्या बीनबॅगपेक्षा चांगली बसते आणि प्रवासात रिकामी नेऊन मुक्कामी भरता येते. इंजिन बंद करूनच शटर दाबायचं, चालू इंजिनची थरथर ८०० मिलिमीटरला फार दिसते.

दहिवडी : डीएसएलआर आहे, १.४ लावला की फोकस दर वेळी पक्ष्याच्या थोडा मागे जातो, नुसत्या लेन्सला बरोबर येतो. शिवाय आमच्याकडे धूळ एवढी की कन्व्हर्टर काढ-घाल करायची भीती वाटते.

पहिलं दुरुस्त होण्यासारखं आहे. बॉडीच्या मेनूमधे एएफ फाइन ट्यून किंवा मायक्रो ॲडजस्टमेंट असं काहीतरी असेल, ते नुसत्या लेन्ससाठी केलेलं असलं तरी कन्व्हर्टर लावून परत वेगळं करावं लागतं. लेन्समधली थोडीशी चूक कन्व्हर्टर मोठी करून दाखवतो आणि शिवाय दोन जोड झाले, दोन्हीतला फरक मिळून येतो. वर सांगितलेलं तेच वर्तमानपत्र एक टोक कॅमेऱ्याच्या जवळ आणि दुसरं लांब राहील असं तिरकं लावा, मधल्या एका ओळीवर फोकस करा, कुठली ओळ जास्त स्पष्ट येते ते बघा आणि एक एक आकडा पुढे सरकवत जा. ट्रायपॉडवर, दिवसाउजेडी, आणि ज्या अंतरावर तुम्ही नेहमी पक्षी काढता साधारण त्याच अंतरावर. झूमच्या लांब टोकालाच करा, कन्व्हर्टर लावून कोणी २०० ला फोटो काढत नाही. लाइव्ह व्ह्यूमधे फोकस बरोबर येत असेल तर लेन्स-कन्व्हर्टर दोन्ही चांगले आहेत याची खात्री झाली म्हणून समजा, बिघाड फक्त जुळवणीत आहे.

धुळीचं म्हणाल तर माळावर काढ-घाल करूच नका. आज काय काढायचंय ते घरून ठरवून निघा, माळावर लांडगा, धाविक असलं काही लांबून दिसण्याची शक्यता आहे तर कन्व्हर्टर घरीच काढून ठेवा, आणि झाडीत पिंगळा किंवा ओढ्याकाठी खंड्या बसून काढणार असाल तर घरीच लावून निघा. रस्त्यात बदलायची वेळ आलीच तर गाडीच्या काचा वर, एसीचा पंखा बंद, कॅमेरा बंद, आणि बॉडीचं तोंड खाली करून. कन्व्हर्टरला दोन टोकं आहेत म्हणून झाकणं पण दोन लागतात, दोन्ही खिशात न टाकता झिप पिशवीत ठेवा, खिशातलीच धूळ झाकणाला लागते आणि मग काचेवर जाते. घरी आल्यावर आधी ब्लोअरने फुंकायचं, कापड नंतर. पावसाळ्यात कन्व्हर्टर पडून राहतो आणि त्यालाच बुरशी लवकर धरते, म्हणून लेन्सबरोबर त्याला पण सिलिका जेलच्या डब्यात ठेवत जा आणि जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर तापवून परत वापरा.